मालेगाव

महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व भुईकोट किल्ल्याभोवती वाढलेले शहर. लोकसंख्या सु. ४,८१,००० (२०११). हे नासिकच्या ईशान्येस सु. १०० किमी. अंतरावर, मुंबई–आग्रा मार्गावर, मोसम नदीकाठी वसले असून थोड्याच अंतरावर मोसम गिरणेस मिळते. पूर्वी येथे माळीवाडी नावाची लहानशी वस्ती होती, असे म्हणतात.

गावाचे भाग्य पालटले ते पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांच्यामुळे. त्यांनी १७४० च्या सुमारास मोसमच्या वळणावर किल्ला बांधण्यास घेतला. दुहेरी तट, गोल बुरूज व खंदक असलेल्या या किल्ल्याचे काम सु. २५ वर्षे चालले. सुरत व उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान कारागीर कामानंतर येथेच राहिले. मालेगावच्या संमिश्र वस्तीचा पाया अशा रीतीने तटाबरोबरच घातला गेला.

पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या प्रोत्साहनाने गोपाळराव राजेबहाद्दर यांनी किल्ला पेशव्यांच्या अंमलदाराकडून घेतला. परंतु लवकरच ते आपल्याच पगारी अरब शिबंदीचे कैदी बनले. मे १८१८ मध्ये कर्नल मॅक्डॉवेलने किल्ल्यास वेढा घातला. २९ मे रोजीचा हल्ला साफ फसला. पुढे कुमक व तोफा आल्या आणि ११ जून रोजी उखळी तोफांच्या माऱ्याने दारूचे कोठार उडून तटाचा मोठा भाग ढासळला. दोनच दिवसांत किल्ला शरण आला. मूठभर शिबंदीपुढे इंग्रजांचे दोनशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. खानदेशच्या लढ्यात इतकी किंमत त्यांना क्वचितच मोजावी लागली. शरणागतीच्या मराठी पत्रावरून मात्र वाद उद्‌भवला : त्यातील शब्दांनी मॅक्डॉवेलच्या मनात होते त्याहून अधिक आश्वासन दिले गेले होते. अरबांनी काढलेला अर्थच ग्राह्य धरावा, असा निर्णय एल्‌फिन्स्टनने दिला. जेत्याने पराभूताच्या बाजूने पत्र वाचल्याचे हे उदाहरण विरळाच होय.

किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले, तरी गाव ओस पडले नाही. १८५७ च्या उठावानंतर व १८६२ च्या दुष्काळामुळे उत्तरेकडील मोमीन विणकर येथे आले आणि हातमागावरील लुगड्यांसाठी मालेगाव प्रसिद्ध झाले. नगरपालिका १८६३ मध्ये स्थापन झाली. १८६९ मध्ये नासिक जिल्हा निर्माण झाल्यावर पूर्वी खानदेशात असलेले मालेगाव त्यात आले. १९३५ पासून विजेवरील मागांचा प्रसार होऊन हातमाग मागे पडला. महानगरपालिका २००१ मध्ये झाली. किल्ल्याचे तट व बुरूज पडझड होऊनही भर वस्तीत उभे आहेत. आतील जागेत शाळा भरते.