मुलाजवळ कोण आहे?

माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. पहिला भोंगा व्हायच्या आत ती भाकऱ्या थापून फडक्यात बांधायची आणि निघता निघता मांडीवरच्या लेकराच्या तोंडात मोहरीएवढी काळी गोळी घालायची, दुधाच्या थेंबात बोटावर खललेली. ती बाळागोळी. त्यात अफू असायची. पोर दुपारपर्यंत हलत नसे. "कोणापाशी ठेवू गं, तूच सांग," असं आजी मला म्हणायची. तिची सात बाळंतपणं झाली, तीन मुलं जगली.

ही एकट्या आजीची गोष्ट नव्हती. 1922 च्या सुमारास सरकारने गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या बाईंना नेमलं होतं. कामगार बायकांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव पोरांना झोपवूनच सांभाळलं जात होतं. त्या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं, घरचं म्हातारं माणूस गावाकडे, शेजारीण स्वतःच पाळीला गेलेली. रडणारं मूल रांगत जिन्याकडे जाईल, चुलीत हात घालेल. झोपलेलं मूल निदान जागेवर राहील, एवढाच हिशेब.

गिरण्यांत पाळणाघरं निघाली ती यावर उपाय म्हणून. कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली कमिशनने 1931 च्या अहवालात अडीचशे बायका असतील तिथे पाळणाघर हवं, असं सुचवलं. आजीच्या गिरणीतही एक खोली झाली, पाळणे टांगले, एक बाई ठेवली. तरी बऱ्याच बायका पोरं नेत नसत. पहाटेच्या गर्दीत तान्हं अंगाशी धरून चालायचं, तिथे एकाचा खोकला साऱ्यांना, आणि वरून नजर लागायची भीती. आजीने धाकट्याला, म्हणजे माझ्या काकाला, मात्र नेलं. दुपारी सुट्टीत जाऊन पाजून यायची. त्याला गोळी दिली नाही, हे ती अभिमानाने सांगायची.

1948 च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. 1976 मध्ये ती मर्यादा तीसवर आली. कायद्यात हवा-उजेड, स्वच्छता हे सगळं होतंच. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मुलं सांभाळणारी बाई त्या कामाचं शिक्षण घेतलेली असावी, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मूल सांभाळणं हे शिकायचं काम आहे, हे कायद्याने मानलं. पण मोजणी बायकांच्या डोक्यांची ठेवली, त्यामुळे बाई म्हणजे मालकाला वाढीव खर्च झाली. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत शंभरात वीसहून अधिक बायका होत्या; गिरणी कामगारांच्या मोठ्या संपाच्या आधीच त्या फार थोड्या उरल्या. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी इतर कारणंही होती. पाळणाघराचा खर्च हेही त्यातलं एक, असं माझं ठाम मत आहे.

1986 साली मी लालबागला चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाळणाघर सुरू केलं. गिरण्यांचे भोंगे थंडावले होते, घराघरांतल्या सुना ऑफिसात, दुकानात जाऊ लागल्या होत्या. दोन वर्षांनी मी डहाणूजवळचं कोसबाड बघून आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, अशी अंगणवाडी झाली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा झाली. पण मी थबकले ते विकासवाडीपाशी. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. गिरणीतल्या पाळणाघराने आईची सोय बघितली होती. इथे बहिणीचा विचार झाला होता. माझी आईही अशीच कडेवर भाऊ घेऊन वाढली आणि चौथीत तिची शाळा सुटली. त्या टेकडीवर उभी राहून मी रडले होते.

माझ्या पाळणाघरात एक दिवस असा आला, की तो अजून झोपेतून उठवतो. संध्याकाळची साडेपाचची वेळ. आया यायला लागल्या होत्या, दारात चपलांचा ढीग, मी एकीला तिच्या मुलाच्या जुलाबाचं सांगत होते. बोलता बोलता सवयीने डोकी मोजली. अकरा हवी होती, दहा भरली. मोरीत गेले. सव्वा वर्षाची मुलगी बादलीच्या काठावर पोटावर ओणवलेली, पाय जमिनीवरून सुटलेले, केसांची टोकं पाण्यात. बादलीत वीतभर पाणी. ती ओरडली नव्हती, आवाजही केला नव्हता. मी तिला उचललं तेव्हा ती पाण्यातल्या लाल मग्याकडेच हात करत होती. काही झालं नव्हतं. आणखी दोन पळं गेली असती तर झालं असतं.

त्याच रात्री बादल्या पालथ्या घालायचा नियम केला, मोरीच्या दाराला वरून कडी लावून घेतली. पण खरा बदल वेगळा होता. दाराशी आयांशी बोलायला एक जण आणि मुलांत बसायला दुसरी, असं ठरवून शेजारच्या मावशींना पगारी ठेवलं. मुलांत बसलेल्या बाईने भाजी निवडायची नाही, फोन घ्यायचा नाही, दूध तापवायला उठायचं नाही. दर अर्ध्या तासाला डोकी मोजायची, तीही नाव घेऊन. झोपलेल्या मुलाजवळ जाऊन छाती हलते का ते बघायचं. फी वाढली, चार मुलं कमी झाली. मी 2012 पर्यंत तसंच चालवलं.

आमच्या भोवतालच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उठले, आणि ते बांधणाऱ्या बायकांची पोरं पुन्हा वाळूच्या ढिगावर दिसू लागली. बांधकामाच्या जागीच मुलांसाठी केंद्र काढायचं काम मोबाइल क्रेशेस या संस्थेने दिल्लीत 1969 मध्ये सुरू केलं, 1972 मध्ये ते मुंबईत आलं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा सुधारला. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता यावं, असं त्यात आलं. त्यात पुरुषही मोजले गेले. आजीच्या काळापासूनची चूक इथे निदान कागदावर तरी सुधारली.

या सुधारणेच्या आदल्याच वर्षी नवी मुंबईतल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती कॅमेऱ्यात दिसली. तेव्हापासून आया पाळणाघर बघायला गेल्या की आधी कॅमेरा आहे का विचारतात. विचारावंच. पण कॅमेरा बादलीतून मूल उचलत नाही. म्हणून माझी विनंती आहे. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नंतर बघा. दुपारच्या वेळी, न सांगता जा. सगळी मुलं एकाच वेळी गाढ झोपली असतील तर का, ते विचारा. आणि बाई दोन मिनिटं मोरीत गेल्या तर तेवढ्या वेळात मुलांजवळ कोण बसतं, त्या माणसाला भेटल्याशिवाय घरी येऊ नका.