सात दरवाजे आणि आपला गोठा



जुन्नर-आंबेगावच्या आम्ही बाया शिवनेरीवर किती वेळा गेलो असू! शिवाईची ओटी भरायची, पाळणा म्हणायचा आणि उतरायचं. यंदा मात्र गटातल्या पोरींनी वाटेतले दरवाजे मोजले. सात भरले.

शहाजीराजे मोहिमांवर असत, म्हणून गरोदर जिजाऊंना या गडावर ठेवलं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय इथेच जन्मले. बाळंतिणीसाठी हीच जागा का? एक तर चहूबाजूंनी कडे. त्यात महादरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा असे एकामागून एक अडसर. एक पडला तरी पुढचा उभाच. शत्रू दर दरवाजाशी अडणार, तेवढ्यात वरचे लोक सावध होणार. आत गंगा-जमुना टाक्यांचं पाणी आणि धान्याला अंबरखाना. आत दाणापाणी नसेल, तर भक्कम दारसुद्धा एक दिवस आतूनच उघडावं लागतं.

आता खालच्या जुन्नर शहराचं बघा. तेही तटबंदीचं, मुघलांच्या ताब्यातलं. १६५७ साली शिवरायांच्या माणसांनी रात्री दोराच्या शिड्या लावून तट ओलांडला आणि खजिना, घोडे घेऊन गेले. वेशीचं दार फोडावंच लागलं नाही. वरचा गड मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही.

हे आम्हाला कळलं ते गोठ्यात. गटातल्या एका ताईने कर्ज काढून शेळ्या घेतल्या, दाराला नवं कुलूप लावलं. बिबट्या उसातून आला आणि मागची भिंत व पत्रा यांच्यामधल्या फटीतून आत शिरला. दोन शेळ्या गेल्या. कुलूप जसंच्या तसं होतं आणि हप्ता अजून चालू आहे.

तेव्हापासून आम्ही कर्ज देण्याआधी गोठ्याला फेरी मारतो. ऊस भिंतीला टेकलाय का? मागच्या अंगाला दिवा आहे का? जाळी वरूनही बंद आहे का? रात्री ओरडलं तर शेजारणीला ऐकू जाईल का? आमचे हे चार दरवाजे.

येत्या बैठकीला येण्याआधी तुम्हीही घराला एक फेरी मारा. पुढून नको, मागून सुरुवात करा.