बडोद्याचे नाव आकाशात

कोपर्निकस मार्गाच्या इंडिया गेटाकडील टोकाशी असलेले बडोदा हाउस आपणां सरकारी नोकरांस उत्तर रेल्वेचे मुख्यालय म्हणूनच परिचित आहे. ल्यूट्येन्सने गायकवाडांसाठी आखलेल्या या वास्तूच्या नावातील ‘बडोदा’ दुसऱ्या महायुद्धात विलायतेच्या आकाशातही वावरत होते, हे थोड्यांसच ठाऊक असेल. संस्थानाच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीस ‘बडोदा’ हे नाव मिळाले. १९४१ मध्ये स्कॉटलंडात उभी राहिलेली ही तुकडी स्पिटफायर विमाने उडवी. देणगीपुरती एका विमानाची किंमत ५,००० पौंड धरली जाई. देणगी दरबारची खरी. पण दरबारचा खजिना रयतेच्या साऱ्यानेच भरत असे. १९४६ मध्ये ती तुकडी मोडली, १९४९ मध्ये संस्थानही विलीन झाले.

त्याच युद्धात हृषीकेश मुळगावकर हे मराठी वैमानिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पुढे काश्मीरच्या मोहिमेत त्यांनी महावीर चक्र मिळविले आणि १९७६ मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. विमानावर नाव रंगविण्यास द्रव्य पुरते. ते उडविण्यास माणूस लागतो. इतिहासाने रयत आणि वैमानिक, दोघांचेही ऋण मानले पाहिजे.