दफ्तर आणि खळे

तंजावूरच्या मराठी राज्याचा (१६७६–१८५५) इतिहास लिहिताना अभ्यासक सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी रुमालांकडे वळतो. राजवाड्याच्या चाकरीतील माणसांना काय दिले गेले, याच्या नोंदी तेथे आढळतात. हा खर्च ज्या कावेरीकाठच्या भातशेतीवर चाले, तेथील ‘पण्णैयाळ’, म्हणजे बांधील शेतगडी, याची मजुरी मात्र खळ्यावर भाताच्या मापाने चुकती होई आणि कामाची वेळ मालकाच्या गरजेनुसार ठरे. राज्य खालसा झाले, तरी ही रीत शतकभर टिकली. १९५२ च्या पण्णैयाळ संरक्षण कायद्याने मजुरीला व चाकरीच्या स्थैर्याला कायद्याचा आधार दिला. पण माप वाढवून मागणे हा गुन्हाच मानला जात राहिला. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तत्कालीन तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीच्या संघर्षातून ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. रास्त मजुरीचा कायदा आला तो त्यानंतर, १९६९ मध्ये. कारकुनाचे वेतन कागदावर राहिले; शेतगड्याच्या मापाची नोंद व्हायला मात्र इतके बळी पडावे लागले. दफ्तराचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी इतिहासलेखनाने खळ्याचा हा हिशेबही मांडला पाहिजे.