महर्षींच्या घरातले अण्णा

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा ओटीवर बसून. सभा, संस्था, मानपत्रे, पुतळे एवढे सारे ओटीवरून चांगले दिसते. माजघरात काय चालले होते, महिनाअखेरीस घरखर्च कसा भागत होता, मूल तापाने फणफणले असता उशाशी कोण बसले होते, हे मात्र तेथून दिसत नाही. आईविषयी आपल्या वाङ्मयात उदंड लिहिले गेले आहे. बापाविषयी लिहिताना मात्र आपली लेखणी आखडते. बाप म्हटला म्हणजे कर्तव्य, दरारा आणि शेवटी एक तसबीर, एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो.

म्हणून आज आम्ही श्रोत्यांना एका घराच्या माजघरात नेणार आहोत. हे घर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. याच घराची निवड करण्याचे कारण असे की, येथील माणसांनी आपले माजघर स्वतःच्या हाताने उघडे करून ठेवले आहे. अण्णांनी १९१५ साली आपले 'आत्मवृत्त' प्रसिद्ध केले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे घरच्या बाया, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली निघाले, आणि त्याचे संपादन केले ते त्यांच्या सूनबाईंनी, कावेरीबाईंनी. एकाच संसाराचा जमाखर्च दोघांनी दोन निराळ्या वह्यांत लिहावा, आणि दोन्ही वह्या लोकांपुढे याव्यात, असा योग आपल्याकडे विरळाच म्हटला पाहिजे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. कोकणातील मुरूडचे गरीब घर, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालेले लग्न, आणि मग मुंबईस शिकवण्या करीत करीत घेतलेली पदवी, हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम पत्नी राधाबाई. त्यांच्या पोटी १४ जानेवारी १८८२ रोजी थोरला मुलगा रघुनाथ जन्मला. राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी पुण्यास आले.

पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा अण्णांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. सुधारकाच्या चरित्रात बहिष्कार हा मानाचा तुरा म्हणून खोचला जातो. पण आपण क्षणभर त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहून पाहू. आई गेलेली. नवी आई घरात आली, ती ज्या लग्नाने आली त्याच लग्नाने वडिलांचे गाव दुरावले. बापाच्या तत्त्वाची किंमत बापाइतकीच मुलानेही मोजली, आणि मुलाला कोणी विचारले नव्हते.

बायांच्या पोटी शंकर, दिनकर आणि भास्कर हे तीन मुलगे वाढले. परंतु अण्णांच्या घरातील मुलांची मोजदाद एवढ्यावर संपत नाही. मुंबईच्या बिऱ्हाडात त्यांच्या नात्यातला एक हुशार मुलगा शिकावयास राहिला होता, त्याचे नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हाच मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला. त्याच वर्षी घरचा रघुनाथ मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. एका बिऱ्हाडातले दोन रघुनाथ एकाच वर्षी असे चमकले. कोणत्याही बापाने मिशांवर ताव द्यावा असेच ते वर्ष होते.

पण त्या सुमारास अण्णांचे चित्त निराळ्या मुलींकडे लागले होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता. पुढे तो पुण्यापासून चारेक मैलांवरच्या हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवावे आणि मग पायी हिंगण्याची वाट धरावी, पावसाळ्यात चिखल तुडवीत जावे, असा त्यांचा क्रम झाला. तेथे ज्या मुली होत्या त्यांना बाप असून नसल्यासारखा होता. वैधव्य आले त्या दिवशी घरात त्यांची जागा कोपऱ्यात ठरून गेली होती. त्यांना अण्णा मिळाले. मात्र दिवसाचे तास चोवीसच असतात. जे तास हिंगण्यास गेले ते घरच्या मुलांच्या वाट्यातून गेले, हा हिशेब कोणालाही चुकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट बायांना फार सलली. आश्रमात विधवा मुलींना धाडणारे पालक आधीच बिचकलेले असत. तेथे पुनर्विवाह केलेली स्त्री वावरते असे दिसले तर ते मुली पाठवणार नाहीत, ही भीती होती. त्यामुळे ज्या स्त्रीशी विवाह करून अण्णांनी आपल्या कार्याचा आरंभ केला, तिलाच आपल्या पतीच्या संस्थेपासून अंतर राखावे लागले. संस्था जगावी म्हणून हे करणे भाग होते, हे आम्हांस समजते. पण घरी बसून ते सोसणाऱ्या बाईला ते गोड कसे वाटावे?

आता विम्याची गोष्ट. अण्णांचा पाच हजार रुपयांचा विमा होता. आपल्या पश्चात बायकामुलांचे हाल होऊ नयेत म्हणून शिलकीतून हप्ते भरून उतरवलेला. आश्रम काढल्यावर अण्णांनी गाठीचे हजार रुपये त्याला दिले, आणि पुढे ही विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांचा संताप झाला. मुले लहान, नवऱ्याचा पगार बेताचा, माहेर-सासरचा आधार बहिष्काराने तुटलेला, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर हाताशी जी एक वस्तू होती तीही परक्या मुलींना दिलेली.

या प्रसंगी न्याय कोणाचा? आमच्या लहानपणी ही गोष्ट आम्ही ऐकली तेव्हा अण्णांचा त्याग तेवढा आमच्या डोळ्यांत भरला, आणि बायांचा राग आम्हांला किरकोळ वाटला. पुढे स्वतः संसारात पडलो, मुलांच्या शाळेची फी आणि वाण्याचे बिल एकाच दिवशी पुढे आले, तेव्हा बायांची बाजू कळू लागली. स्वतःचे अंगरखे दान करणे हा त्याग खरा. मुलाच्या अंगावरची बंडी दान करताना मात्र त्या त्यागाचा अर्धा धनी ते मूल असते. अण्णांच्या पुण्याईत बायांचा आणि चार मुलांचा वाटा आहे, आणि तो मांडल्यावाचून अण्णांचे चरित्र पुरे होत नाही, असे आमचे मत झाले आहे. अण्णांचे थोरपण त्यामुळे उणे होते असे नाही. फक्त ते एकट्याचे उरत नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. या बापाने मुलांना दिले काय?

थोरल्या रघुनाथरावांकडे पाहू. गणिताची आवड वडिलांची, लोकांचा रोष पत्करण्याची छातीही वडिलांचीच. पण वाट अगदी निराळी. १९२१ साली त्यांनी मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले. आपल्या मतांपायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ते अखेरपर्यंत चालवले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. वडिलांनी विधवांच्या शिक्षणासाठी लोकांच्या दारोदार जाऊन पैसा जमवला, लोकांना न दुखावता पुढे सरकण्याची कला साधली. मुलाने कोणाचीच भीड ठेवली नाही. वडिलांच्या कार्यास १९१६ साली महिला विद्यापीठाचे रूप आले. मुलाच्या मासिकाचा संसार मात्र सदैव ओढाताणीचा राहिला.

बाकीच्यांचेही तसेच. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्करराव तेवढे हिंगण्याच्या संस्थेत राबले. चार मुलांच्या चार दिशा. कोणा एकालाही वडिलांची छोटी आवृत्ती व्हावे लागले नाही. त्या पिढीत बापाने मुलाचा धंदा, बायको आणि मते या तिन्ही गोष्टी ठरवावयाच्या असा प्रघात होता. तो लक्षात घेतला म्हणजे हे स्वातंत्र्य लहान नव्हते, हे ध्यानात येईल.

हे सारे विनातक्रार झाले असे मात्र समजू नये. दिनकररावांचे लग्न १९२६ साली इरावतीबाईंशी झाले. इरावतीबाई मुलीच्या वयात वाढल्या त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी. म्हणजे अण्णांनी आपल्या बिऱ्हाडात ज्याला शिकवले त्याच्या घरात वाढलेली मुलगी सून होऊन अण्णांकडे आली. या सुनेने १९२८ साली पुढील अभ्यासासाठी जर्मनीस जावयाचे ठरवले. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी देह झिजवला त्या अण्णांना हे पसंत पडले नाही! श्रोत्यांना हसू येईल, आणि यावेही. समाजाच्या मुलीला दूर धाडणे सोपे असते, घरची सून निघाली की काळीज हलते. दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही, कर्ज काढून पत्नीस पाठवले. इरावतीबाई १९३० साली बर्लिनची पदवी घेऊन परत आल्या. मतभेद झाला, पण घर फुटले नाही. वडिलांचा शब्द मोडूनही मुलगा मुलगाच राहिला, याचे श्रेय दोघांनाही दिले पाहिजे.

बाया १९५० साली गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. अण्णा तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. दीर्घायुष्याचे आपण कौतुक करतो, पण म्हाताऱ्या बापाने थोरल्या मुलाच्या जाण्याची वार्ता ऐकावी, हाही त्याच दीर्घायुष्याचा एक भाग. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५८ साली, शंभरी गाठलेल्या अण्णांना भारतरत्न मिळाले. ओटीवर तो सोहळा झाला. ज्या दोघांनी त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली होती ती दोघे तो पाहावयास नव्हती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांनी देह ठेवला.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, दिनकररावांनी काही महाराष्ट्रीय कुटुंबांतील आत्मकथनांचा एक संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात वडिलांचे कथन घेतले आणि आईचेही घेतले. सुनेने, इरावतीबाईंनी, सासऱ्यांविषयी लिहिले. आईची तक्रार गाळून वडिलांची मूर्ती अधिक उजळ करणे मुलाला सहज शक्य होते. त्याने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. आम्हांस वाटते, अण्णांच्या पितृत्वाला मिळालेली खरी पावती हीच. ज्या घरात बापाविरुद्ध बोलता येते, त्याच घरातला मुलगा बापाविषयी खरे लिहू शकतो.

एक लहानशी गोष्ट सांगून संपवतो. याच दिनकररावांना त्यांची मुले 'दिनू' अशी हाक मारीत, आणि आईला 'इरू'. पुण्यातील अनेकांना ते फार विचित्र वाटे. वडिलांपुढे मान वर न करणाऱ्या पिढीपासून वडिलांना नावाने हाक मारणाऱ्या पिढीपर्यंतचा हा प्रवास एका घरात, तीन पिढ्यांत झाला. आपल्यापैकी जे बाप आहेत त्यांना नावाने हाक मारून घ्या असे आमचे सांगणे नाही. आज घरी गेल्यावर आपल्या जमाखर्चाची जी वही घरातील दुसऱ्या कोणीतरी मनात लिहून ठेवली आहे, ती एकदा वाचावयास मागावी, एवढेच म्हणणे आहे.