प्रतिकृतीच्या पोटांतील दिवा

दिवाळींत ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) अंगणांत मुलें मातीचा किल्ला करतात. पणत्या लागल्या म्हणजे त्याला जीव येतो. पण ती ज्योत उघड्यावर असते. प्रतिकृतीच्या पोटांत दिवा घालणें हें काम निराळें.

१९६४ सालीं अमेरिकेंत ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठीं सुमारें ११ फूट लांबीचें ‘एंटरप्राइज’ हें अंतराळयान लांकूड, पत्रा व प्लॅस्टिक यांचें घडविलें. दिवे मागाहून बसले. तारा काढावयाच्या कोठून? डाव्या अंगानें! मग तें अंग छायाचित्रणास निरुपयोगीच झालें.

पुढें घरोघरच्या शोकिनांपुढें दुसरी अडचण उभी राहिली. प्लॅस्टिकला उष्णतेचें वावडें; तारेच्या बल्बाजवळ तें मऊ पडे. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं तांबडा एलईडी दिवा सिद्ध केला खरा, परंतु पांढऱ्या उजेडासाठीं प्रखर निळा हवा होता. तो नाकामुरा यांनीं १९९३ सालीं दिला. आतां तांदळाएवढा दिवा खिडकीमागें बसतो. मात्र कवचाला आंतून काळा रंग दिला नाहीं, तर सबंध यान आकाशकंदिलासारखें उजळून निघतें.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांतील मूळ ‘एंटरप्राइज’मध्येंही २०१६ च्या डागडुजींत हेच थंड दिवे बसले.