इंग्रजीचा गृहपाठ, महाराष्ट्रातील

शाळेत शिकविलेल्या इंग्रजी व्याकरणाचा व वाङ्‌मयाचा विद्यार्थ्याने घरी करावयाचा अभ्यास आणि त्यासाठी त्यास वर्गाबाहेर मिळणारे साहाय्य, असा या संज्ञेचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. गणिताचा किंवा इतिहासाचा गृहपाठ घरातील बेताचे शिकलेले वडीलधारे माणूसही काही अंशी पाहू शकते. इंग्रजीचे तसे नाही. ज्या घरात ती कोणासच येत नाही, तेथे मुलाने लिहिलेले वाक्य बरोबर की चूक, एवढेही सांगणारा कोणी नसतो. त्यामुळे मराठी प्रदेशात या विषयाचे साहाय्य कुटुंबाकडून क्वचित आणि छापील पुस्तकाकडून किंवा शिकवणीच्या शिक्षकाकडून बहुधा मिळत आले.

अव्वल इंग्रजी अमदानीत इंग्रजीचे शिक्षण मुंबई, पुणे अशा मोजक्या ठिकाणीच उपलब्ध होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली व १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रा. गो. भांडारकर हे त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. या परीक्षेमुळे इंग्रजी हे उच्च शिक्षणाचे व सरकारी नोकरीचे प्रवेशद्वार ठरले. सुदैवाने व्याकरणाच्या बाबतीत एक पायवाट अगोदरच तयार झाली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इ. शब्दांच्या आठ जाती मराठी शाळेत पाठ केलेल्या मुलास इंग्रजी व्याकरणातील आठ जाती परक्या वाटत नसत. मराठीवर ही चौकट काहीशी ओढूनताणून बसविली गेली, असा आक्षेप पुढे घेतला गेला व तो निराधार नाही. तथापि इंग्रजी शिकणाऱ्याच्या ती पथ्यावर पडली, हेही खरे.

जेथे दोन्ही भाषांच्या वाटा फुटतात, तेथेच गृहपाठातील चुका साठतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यालगत येते. मराठी शब्दयोगी अव्यय नामास मागून जोडले जाते. त्याचे काम करणारा इंग्रजी शब्द नामाच्या आधी उभा राहतो. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि त्यामुळे मराठी मुलाची नजर कर्माकडे जाते. इंग्रजी क्रियापद कर्माची दखल घेत नाही. मात्र वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता आला, की त्यास ‘एस’ लागतो, आणि तोच नेमका विसरला जातो. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘मला’ चतुर्थीत आहे, पण इंग्रजीत ती व्यक्ती कर्त्याच्या आसनावर बसते. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना तर मराठीत नेमका प्रतिशब्दच नाही. ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ हे मराठीतील सहज वाक्य इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात नेताना ‘मी’चा ‘तो’ होतो, वर्तमानकाळाचा भूतकाळ होतो आणि ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. मराठीत प्रश्नाच्या शेवटी एक ‘ना’ लावला की भागते. इंग्रजीत त्या शेपटासाठी साहाय्यक क्रियापद, काळ, कर्ता आणि होकार-नकार एवढे सारे जुळवावे लागते. शालेय प्रश्नपत्रिकांत वाक्यरूपांतराच्या प्रश्नांनी पिढ्यानुपिढ्या ठाण मांडले, याचे एक कारण हे वैधर्म्यच होय.

हे वैधर्म्य ओळखून मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकविणारे सर्वांत लोकप्रिय पुस्तक म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. नियम मराठीत समजावून सांगावयाचा, थोडे शब्द द्यावयाचे आणि मग मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत वाक्यांचे भाषांतर करावयास लावावयाचे, अशी तिची रचना आहे. तीतील वाक्ये एकमेकांशी असंबद्ध व पुष्कळदा नकळत विनोदी असल्याने तिची थट्टाही भरपूर झाली. परंतु शिक्षकावाचून एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तिने दिलेला आधार त्या थट्टेने कमी होत नाही. इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणांपैकी नेसफील्ड यांचे पुस्तक व त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक येथे मान्यता पावले. यांपैकी पी. सी. रेन (१८७५–१९४१) हे भारतीय शिक्षणसेवेत असलेले अधिकारी पुढे बो जेस्ट (१९२४) या साहसकथेचे लेखक म्हणून जगाला माहीत झाले. मातृभाषा वगळून इंग्रजीतूनच इंग्रजी शिकविण्याच्या प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार विसाव्या शतकात होऊ लागला. ती वर्गात चांगल्या शिक्षकाच्या हाती फलदायी ठरते. घरी, कंदिलाच्या उजेडात मुलगा एकटा असताना तिचा उपयोग थोडा. म्हणून वर्गात प्रत्यक्ष पद्धती आणि घरी भाषांतर, असा दुहेरी व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालू राहिला.

वाङ्‌मयाच्या अभ्यासाची कथा निराळी आहे. शेक्सपिअरची नाटके कळण्यास मराठी रूपांतरांचाही हातभार लागला : महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ऑथेल्लो (१८६७), गो. ग. आगरकरांचे विकारविलसित (१८८३) हे हॅम्लेटचे भाषांतर आणि गो. ब. देवलांचे झुंझारराव ही त्याची ठळक उदाहरणे होत. शाळकरी विद्यार्थ्यास मात्र कवितेचा आशय, कठीण शब्दांचे अर्थ आणि तयार उत्तरे हवी असत. ती पुरविणाऱ्या टिपणांना ‘नोट्स’ किंवा ‘की’ व पुढे ‘गाइड’ हे नाव रूढ झाले. पाठमालेने विद्यार्थ्याकडून वाक्य करवून घेतले. गाइडाने ते करून दिले. तयार उत्तर पाठ करणाऱ्यास गुण मिळतात, पण कविता वाचावीच लागत नाही, ही त्याविषयीची तक्रार योग्य आहे.

स्वातंत्र्यानंतर बा. गं. खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४८ मध्ये पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून सुरू केली. मातृभाषेस न्याय देण्याचा हेतू त्यामागे होता. परंतु अकरावीच्या शालान्त परीक्षेपर्यंत जेमतेम चार वर्षे हाती उरली. ज्यांच्या घरी इंग्रजी जाणणारे होते किंवा शिकवणी परवडत होती, त्यांनी ती उणीव भरून काढली. इतरांची मागे राहिली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) इंग्रजी पुन्हा पाचवीपासून शिकविली जाऊ लागली आणि २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली.

या धोरणांची कसोटी शहरापेक्षा नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) यांसारख्या बाजारपेठेच्या गावी अधिक लागते. फलटण व माळशिरस यांच्या दरम्यान पंढरीच्या वाटेवर वसलेले हे गाव ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या मुक्कामाचे आहे. पावसाच्या भरवशावरील शेती आणि नीरा उजव्या कालव्याखालील ऊस ही दोन्ही या तालुक्यात शेजारीशेजारी आढळतात. अशा परिसरात शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी इंग्रजी शिकलेली ही पहिलीच पिढी असते. शाळा जूनमध्ये सुरू होतात व त्यानंतर थोड्याच दिवसांत पालखी येते. दिंडीत अभंग ऐकत वाढलेल्या मुलापुढे तेव्हा नव्या इंग्रजी पुस्तकाचा पहिला धडा उघडलेला असतो. अभंगाचा अर्थ त्याला आजी सांगू शकते, धड्याचा नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने (स्थापना १९६७) स्वस्त पुस्तके गावोगाव पोहोचविली, पण ती समजावून देणारा माणूस पोहोचविणे हे पुस्तक छापण्याहून कठीण काम होते. ती जागा खाजगी शिकवणी आणि गाइड यांनी घेतली.

मार्च २०१९ पासून दहावीच्या इंग्रजीत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा उताऱ्याचे आकलन व स्वतःचे लेखन यांवर तीत भर आहे. गाइडांनीही लगेच कृतिपत्रिकेचे नमुने छापले, हे सांगावयास नकोच. याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातूनच साहाय्याचे एक नवे साधन पुढे आले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत छापून त्यांद्वारे ध्वनिमुद्रित कविता, पाठ व स्वाध्याय घरी उपलब्ध करून दिले. ही कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही स्वीकारली गेली, आणि डिसले यांस २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी महासाथीमुळे शाळा बंद पडल्या व सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी कवितेचा उच्चार घरबसल्या कानी पडण्याची सोय यामुळे खेड्यापर्यंत आली. मात्र ती सोय ज्या भ्रमणध्वनीवर अवलंबून आहे, तो एका घरात बहुधा एकच असतो आणि दिवसा तो कमावत्या माणसाबरोबर शेतावर किंवा कामावर गेलेला असतो.